ग्रीक संगमरवरी लेख आणि बिनशाईचा ठसा: काही महिने वापरून

आपल्याकडे शिलालेखाचा ठसा म्हटलं की शाई आलीच. ओला कागद दगडावर बसवायचा, ब्रशने ठोकून अक्षरांत उतरवायचा आणि वरून शाईत बुडवलेली कापडी पुरचुंडी हलक्या हाताने आपटत जायची. काळ्या जमिनीवर पांढरी अक्षरं उमटतात. गद्धेगाळी (गाढवाचं शिल्प कोरलेले शापाचे दगड) असोत की यादवकालीन लेख, मी हेच करत आले. ग्रीसमधल्या एका उत्खननाच्या कोठारात लेख असलेल्या संगमरवरी तुकड्यांची सूची करायचं काम मिळालं, तेव्हा शाई बॅगेतच राहिली. तिथे ठसा कोराच घेतात. साधन म्हणून जाड फिल्टर पेपर, पाणी, स्पंज आणि दाट, ताठ केसांचा ब्रश. बस्स.

पहिल्यांदा हे अपुरं वाटतं. पांढऱ्या कागदावर पांढरी अक्षरं वाचायची कशी? पण कागद वाळून सुटला आणि बाजूने टॉर्चचा तिरपा उजेड टाकला की दगडावर डोळ्यांना न दिसलेली रेघ उभी राहते. दगडाला टेकलेल्या बाजूवर अक्षरं उठावदार येतात, पण आरशातल्यासारखी उलटी. त्याची सवय लवकर होते, कारण अल्फा, ईटा, ताऊ, ओमेगा उलटली तरी तशीच दिसतात. त्रास देतात ती एप्सिलॉन, ऱ्हो आणि सिग्मा.

खरी कसोटी तुकड्याच्या कडेला लागते. तिथे अर्धंच अक्षर उरलेलं असतं. वरचं टोक आणि दोन तिरक्या रेघा दिसल्या, तर ते अल्फा, डेल्टा किंवा लॅम्डा यांपैकी काहीही असू शकतं. आडवी रेघ मध्ये असेल तर अल्फा, तळाला असेल तर डेल्टा. फोटोत दगडाचा ओरखडाही रेघेसारखाच दिसतो. ठशावर मात्र छिन्नीच्या घावाला खोली आणि कड असते, ओरखडा उथळ राहतो. इतकं करूनही ठरलं नाही, तर १९३१ साली नेदरलँड्समधल्या लायडनला ठरलेल्या लेख छापण्याच्या पद्धतीप्रमाणे अक्षराखाली टिंब द्यायचं. आपण भरलेली अक्षरं चौकोनी कंसात, मुद्दाम खोडलेला मजकूर दुहेरी कंसात. हा दुहेरी कंस अथेन्सच्या लेखांत बराच भेटतो. इ.स.पू. २०० मध्ये मॅसेडोनियाचा राजा पाचवा फिलिप याच्याशी बिनसल्यावर अथेन्सकरांनी त्याच्या घराण्याचे उल्लेख दगडांवरून छिन्नीने काढून टाकले. ठशावर तो भाग खरवडल्यासारखा जाणवतो.

आता तक्रार. ठसा फक्त समोरची बाजू सांगतो. जाडी, पाठ, मूळ कड कुठे शिल्लक आहे, यातलं काहीच त्यात येत नाही. आणि दोन तुकडे एकाच शिळेचे आहेत का, हे पुष्कळदा त्यावरच ठरतं. ग्रीक शिळा साधारणपणे खाली रुंद आणि जाड, वर निमुळत्या असतात. त्यामुळे जाडी नीट मोजली तर तुकडा किती उंचीवरचा, याचा अंदाज बांधता येतो. दगडाचा प्रकारही बघावा लागतो. पेंटेली डोंगराचा संगमरवर जुना झाला की सोनेरी तपकिरी होतो, हिमेटसचा निळसर राखाडी. पाठीला चुना चिकटलेला असेल तर तो तुकडा पुढे कुणाच्या तरी भिंतीत गेला होता, तेही लिहायचं. म्हणून कागद भिजवण्याआधी नोंदपत्र पूर्ण भरावं, नंतर कंटाळा येतो. आणि भिंगातून अक्षरांच्या खाचा बघून घ्याव्यात. ही अक्षरं पुष्कळदा लाल रंगाने भरलेली असत. रंगाचा कण जरी दिसला, किंवा दगड भुसभुशीत झाला असेल, तर पाणी लावायचंच नाही. परवानगीचा सोपस्कार आहेच, पण तो रास्त आहे.

चांगली सूची कशी असते ते बघायचं तर अथेन्सच्या आगोराची, म्हणजे तिथल्या प्राचीन बाजारचौकाची बघा. अमेरिकन स्कूल या पुरातत्त्व संस्थेचं उत्खनन तिथे १९३१ पासून चालू आहे आणि नोंदलेले लेख ७,५०० च्या वर गेलेत. बरीचशी माहिती फोटोंसकट इंटरनेटवर फुकट मिळते. काल न संपवलेलं काम आज कुणीतरी पुढे नेऊ शकेल अशा त्या नोंदी आहेत. अथेन्सच्या खंडणीयाद्यांचा पहिला मोठा दगड, ज्याची सुरुवात इ.स.पू. ४५४/३ (म्हणजे ४५४-४५३ या वर्षा) पासून होते, असाच शेकड्यावर तुकडे जुळवून उभा केलेला आहे.

‘काळ’ हा रकाना मात्र सगळ्यात फसवा. तीन रेघांचा सिग्मा दिसला की लेख इ.स.पू. ४४६ च्या आधीचा, असं पिढ्यान् पिढ्या धरून चाललं. सिसिलीतल्या एगेस्ता शहराशी अथेन्सने केलेल्या कराराचा दगड त्याच हिशोबाने जुना ठरवला होता. १९९० मध्ये लेझरचा प्रकाश टाकून घेतलेले फोटो प्रसिद्ध झाले, त्यात ज्याच्या नावाने वर्ष ओळखलं जाई त्या अधिकाऱ्याचं नाव अँटिफॉन वाचलं गेलं आणि साल निघालं इ.स.पू. ४१८/७. आता बहुतेक अभ्यासक तेच मानतात. तेव्हा नुसत्या अक्षरवळणावरून तारीख लिहिणार असाल, तर ‘अक्षरवळणावरून’ असं शेजारी स्पष्ट लिहा.

आरटीआय (माहितीचा अधिकार नव्हे, वेगवेगळ्या उजेडातले फोटो एकत्र करायचं तंत्र) हेही वापरलं. कॅमेरा जागचा हलवायचा नाही, दिवा वेगवेगळ्या कोनांतून फिरवायचा, शेजारी चकचकीत काळे गोळे ठेवायचे. मग संगणकावर हवा तसा उजेड फिरवता येतो. पाणी चालणार नाही अशा दगडाला हाच पर्याय. पण फाइली अवजड, आणि कोठारात ट्रायपॉडला जागा मिळेल तर शपथ. गूगलच्या डीपमाइंड कंपनीचं ‘इथाका’ हे ग्रीक लेखांसाठीचं कृत्रिम बुद्धिमत्तेचं साधन २०२२ मध्ये आलं, त्याचंही कौतुक ऐकून होते. गाळलेला मजकूर भरण्यात ते एकटं ६२ टक्के, इतिहासकार एकटे २५ टक्के आणि दोघं मिळून ७२ टक्के बरोबर, असा त्यांचाच शोधनिबंध सांगतो. लांब लेखाला वापरून बघाच. पाच-सहा अक्षरांच्या कपच्यांना त्याचा काही उपयोग नाही, आणि कोठारात बहुतेक त्याच असतात.

बिनशाईच्या ठशाला माझ्याकडून साडेचार तारे. अर्धा कापला तो वाऱ्यासाठी: उघड्यावर कागदाची कड आधी वाळते, उचलते आणि सगळी मेहनत फुकट जाते. सावलीत करा. कागद स्वस्तातला चालून जातो, ब्रश मात्र चांगलाच घ्या. विरळ केसांचा ब्रश कागद फाडतो आणि अक्षराच्या तळापर्यंत पोचतही नाही.