फुकटचा रोबोटिक्स क्लब आणि सहा सेल

जूनमध्ये लेकीला फोंड्यातल्या रोबोटिक्स क्लबात घातले. शनिवारची दुपार, फी नाही, शिकवणारे सगळे हौसेने येणारे. तयारी फर्स्ट लेगो लीगची, म्हणजे मुलांच्या रोबोट-स्पर्धेची; त्यावर जास्त सांगत बसत नाही. मला बोलायचे आहे सेलांवर.

संच दानात आलेला ईव्ही3, लेगोच्या माइंडस्टॉर्म्स या रोबोट-मालिकेतला, 2013 च्या पिढीतला. त्याची चार्जिंगची बॅटरी मेलेली, आणि लेगोने 2022 अखेर ती मालिकाच गुंडाळली. मग काय, सहा पेन्सिल सेल, पालकांनी पाळीपाळीने आणायचे. आमच्याकडे रिमोटमधून उतरलेला सेलसुद्धा घड्याळात वर्षभर चालतो, आणि इथे दर शनिवारी नवे!

कारण मला पहिल्याच दिवशी दिसले. मोटर रिवाइंडिंगवरच पोट आहे माझे. पोरांनी प्रोग्राममध्ये रोबोटचे वळण सेकंदांत मोजले होते, तेही पॉवर शंभर, म्हणजे पूर्ण ठेवून. सेल उतरला की तेवढ्याच वेळात मोटर कमी फिरते, काटकोन होतच नाही. पोरे म्हणणार, "सेल गेले." शिकवणारे निवृत्त जहाज-इंजिनिअर काका सगळे जाणून गप्प. "सांगून टाका ना," म्हटले, तर म्हणाले, "सापडेल त्यांना." सापडेपर्यंत खर्च कोणाचा?

चवथीच्या सुट्टीत सेल आतच राहिले. झाकण काढले तर स्प्रिंगांवर पांढरा-हिरवट थर. इथे तरी काका हात घालतील? छे. हा क्षार आहे, आंबटाने जाईल, एवढेच बोलले. एका मुलीने विचारले, "कोकमाचे आगळ चालेल?" काका म्हणाले, "त्यात मीठ असते, पत्रा खाईल." शेवटी कोणीतरी माडाचे व्हिनेगर आणले आणि पोरांनी कापसाच्या काडीने एकेक स्प्रिंग घासली. मशीन चालू झाले. त्या दिवसापासून काकांवरचा राग जरा उतरला.

साफ झालेले मशीन तपासताना लेकीने पोर्ट व्ह्यू, म्हणजे मोटरचे आकडे दाखवणारा मशीनचा पडदा, उघडून चाक हाताने फिरवले. पडद्यावर चाक किती फिरले त्याचे अंश पळू लागले. पुढच्या शनिवारी वळणे अंशांत! सेल उतरला तरी चाक तेवढेच फिरते, फक्त वेळ जास्त लागतो. तेच सेल आता कितीतरी जास्त टिकतात. सामन्यातही अडीच मिनिटे टेबलापाशी दोनच मुले, मोठ्यांनी हात लावायचा नाही. आमची पोरे त्याला सरावलेलीच होती. शिकवण्याला पैकीच्या पैकी.

सेलांचे मात्र सोडणार नाही. चार्ज होणारे सहा सेल आणि एक चार्जर घ्या. 1.2 व्होल्टचे सहा, म्हणजे 7.2. अंशांवरच्या प्रोग्रामला भरपूर. पालकांच्या बैठकीत मांडले, "पुढच्या बैठकीत बघूया" म्हणाले. या शनिवारी पाळी आमची.