टेरिफिक आणि त्रास सख्खे चुलत भाऊ निघाले! (एटिमॉनलाइनबद्दल)

शब्द कुठून आला हे खणत बसायची आवड असेल तर ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी, म्हणजे एटिमॉनलाइन, एकदा उघडाच. डग्लस हार्पर नावाच्या माणसाने उभी केलेली साइट आहे, फुकट आहे, शब्द टाकला की झालं.

मी गेले होते टेरिफिक बघायला, कारण भीतीच्या टेररमधून कौतुकाचा शब्द कसा काय निघाला हे कित्येक दिवस डोक्यात होतं. तर १६६०च्या दशकात अर्थ सरळ "भीतीदायक", मग नुसतं "प्रचंड", आणि १८८८पर्यंत येता येता "झकास". आपण "भयंकर आवडलं" म्हणतो ना, अगदी तसंच. पण टेररच्या नोंदीत गेले आणि बघतच राहिले, टेरर ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याच्या मुळाशी थरथरणं आहे आणि शेजारीच संस्कृत त्रस्. म्हणजे आपला त्रास!

मग काय, सुटलेच. लव्ह काढला तर तिथे लोभाचं मूळ. इतकी वर्षं पत्राखाली "लोभ असावा" लिहितोय, मराठीत हाव आणि माया दोन्ही एकाच शब्दात नांदतात, आणि हे दोघं एका घरचे निघाले याचा मला खरंच आनंद झाला. अँगर मुळात राग नव्हताच, जुन्या नॉर्स भाषेत (स्कँडिनेव्हियातली जुनी भाषा) ते दुःख होतं, आणि त्याच्याही मागे आवळलं जाणं, अरुंद होणं. अँग्विश, अँग्झायटी त्याच घरातले. जीव घुसमटतो म्हणतो ते हेच की! रिमोर्स, म्हणजे पश्चात्ताप, मुळात परत चावणं, आपलं मन खातं तसं. थ्रिल म्हणजे आधी आरपार भोक पाडणं, नॉस्ट्रिलच्या (नाकपुडीच्या) शेवटी तेच "भोक" लपलंय.

सगळ्यात आवडलं ते हे, की खात्री नसेल तिथे साइट "कदाचित" म्हणते. डिझायर (इच्छा) ताऱ्यांवरून आला ही गोष्ट फॉरवर्डमध्ये छातीठोकपणे सांगतात, इथे तो अंदाज म्हणूनच दिलाय.

खटकलं ते पण सांगते. संस्कृत शब्द रोमन लिपीत आहेत, खुणा ओळखून वाचायला वेळ लागतो. नोंदी फार आखडून लिहिल्यात, पहिल्यांदा वाचताना अडखळायला होतं. आणि शब्दापुढचं साल हे सापडलेल्या पहिल्या लेखी वापराचं असतं, लोकांच्या तोंडी तो आधीपासून असू शकतो, हे लक्षात ठेवून वाचा. शब्द आज कसा वापरायचा त्यासाठी वेगळी डिक्शनरी बघा.

पहिल्यांदाच जाणार असाल तर पॅनिकपासून सुरू करा. रानात काही कारण नसताना कळप बिथरतो त्याचं खापर ग्रीक लोक ज्याच्यावर फोडायचे तो पॅन देव तिथे भेटेल.