वकील लावताना आमचे 80 हजार गेले, सोलापूरकरांनो हे वाचा

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशोब लिहायला आहे, धाकटा भाऊ पॉवरलूमवर. मागच्या वर्षी, म्हणजे सप्टेंबर 2025 ला, आमच्या बोळात टेम्पो लावण्यावरनं भांडण झालं, समोरच्याचं डोकं फुटलं, सिव्हिलला चार टाके पडले आणि भावावर गुन्हा दाखल झाला. माझा भाऊ देव आहे असं मी म्हणत नाही, हातात पाईप होता हे त्यानंच मला सांगितलं, ते काय असेल ते कोर्ट बघेल. पण गुन्हा दाखल झाल्यावर पुढच्या पाच आठवड्यात आमची जी लूट झाली ती कुणाची होऊ नये म्हणून लिहितेय.

पोलीस स्टेशनला गेलो त्या रात्री आई बाकड्यावर बसून नुसती रडत होती. हवालदारांनी भावाची सही घेऊन एक कागद हातात दिला आणि अमुक तारखेला हजर राहा म्हणाले, घरी जाऊ दिलं. आम्हाला वाटलं हे अटकेचंच काहीतरी आहे. बाहेर चहाच्या टपरीवर एक माणूस उभा होता, तो आईला पाण्याची बाटली घेऊन आला. इतक्या मायेनं बोलला की विचारू नका. "मावशी, रडू नका, पण कलम लई वाईट लावलंय, आता नवीन कायदा आलाय, ह्याच्यात जामीन नसतो, दोन दिवसात उचलून आत टाकतेत." कागदावर 118(1) लिहिलेलं. म्हणजे जुनं 324 कलम, हत्यारानं दुखापत केल्याचं. ते सगळ्यांना ऐकून माहीत असतं, पण 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि सगळे आकडे बदलले, त्यामुळं आमच्यासारख्याला ते 118 म्हणजे खुनाचंच वाटलं. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचं कलम आहे हे आम्हाला महिनाभरानं कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आम्हाला एका वकिलाकडं घेऊन गेला. ऑफिस चांगलं होतं, पुस्तकांची कपाटं, बाहेर चार-पाच माणसं बसलेली. वकिलानं एफआयआर मागितली नाही, भांडण कसं झालं ते विचारलं नाही, फक्त पोलिसांनी दिलेला तो कागद घेतला, वाचला, आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. मला तो ड्रॉवर बंद केल्याचा आवाज अजून आठवतो. मग भावाला म्हणाला तू ह्या तारखेला अजिबात जायचं नाहीस, गेलास की संपलास, सोलापुरात राहू नको, आपण अटकपूर्व जामिनाचा अर्ज घालतो. 15 हजार रोख घेतले, पावती नाही, आणि एका कोऱ्या वकीलपत्रावर आणि दोन कोऱ्या कागदांवर भावाच्या सह्या घेतल्या. भाऊ त्याच संध्याकाळी विजापूरला मावशीकडं गेला.

आता तो कागद काय होता ते सांगते, कारण सगळा खेळ त्याच्यातच होता. पोलिसांनी तपास आणि अटक कशी करायची त्याचा नवीन कायदा आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (बीएनएसएस), त्याच्या कलम 35(3) खालची ती नोटीस होती. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करायची नाही, आधी अशी नोटीस द्यायची, हे सुप्रीम कोर्टानं 2014 मध्येच अर्नेश कुमारच्या केसमध्ये सांगून ठेवलंय. नोटीस मिळाल्यावर माणूस सांगितल्या दिवशी हजर राहिला, सहकार्य केलं, तर पोलिसांना कारण लिहून ठेवल्याशिवाय अटक करता येत नाही. आणि हजर राहिला नाही तर मात्र करता येते. म्हणजे ज्या कागदानं माझा भाऊ वाचणार होता तोच ड्रॉवरमध्ये गेला, आणि आम्ही पैसे देऊन त्याला फरार केला.

आठवड्यानं टपरीवाला माणूस (आता त्याला दलालच म्हणते) घरी आला. आत सेटिंग करायचीय, साहेबांना द्यावे लागतेत, 25 हजार. हे लिहिताना मला लाज वाटते पण दिले. ते पैसे कुठल्या पोलिसाकडं गेले असं मला वाटतच नाही, ते ह्या दोघांच्याच खिशात गेले असणार. पण ह्या "सेटिंग"च्या पैशाची खुबी अशी की ते दिल्यावर तुमचं तोंड बंद होतं, कारण 2018 पासून लाच देणारा पण गुन्हेगार धरतात, मग तुम्ही तक्रार करायला कुठल्या तोंडानं जाणार. जबरदस्तीनं द्यावी लागली तर सात दिवसाच्या आत कळवायचं असतं, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा (एसीबी) 1064 नंबर त्याच्यासाठीच आहे, पण हे आम्हाला तेव्हा कोण सांगणार.

भाऊ हजर झाला नाही म्हणून पोलीस घरी आले. आईची काय हालत झाली ते मी लिहित नाही. वकिलाला फोन केला तर म्हणाला सेशन्स कोर्टानं अर्ज फेटाळला, आता मुंबईला हायकोर्टात जावं लागेल, 40 हजार लागतील. ऑर्डरची कॉपी मागितली तर ऑनलाईन येईल म्हणाला. केस नंबर मागितला तर एका चिठ्ठीवर लिहून दिला. आईच्या पाटल्या गहाण टाकल्या आणि 40 हजार पाठवले, ते पण वकिलाच्या नावावर नाही, दलालाच्या बायकोच्या नंबरवर. त्याच रात्री मेसेज आला, सिद्धेश्वर एक्सप्रेसनं निघालोय, काळजी करू नका.

मग दोन आठवडे फोन उचलायचाच बंद. शेवटी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत आमच्या शिलाई विभागातल्या एका काकूंना मी सहज म्हणलं की भावाचं मुंबई हायकोर्टात चाललंय. त्यांनी डबा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "अगं, मुंबईला कशाला? आमच्या जावयाची तारीख आता कोल्हापूरला असते की." माझ्या हातातला घास तसाच राहिला. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सोलापूर जिल्हा त्याच्यात येतो. आमच्याकडनं मुंबईचे पैसे घेतले ते ऑक्टोबरमध्ये! पेपरात पहिल्या पानावर आलेली बातमी, मी पण वाचली असणार, पण भीतीत माणसाला काय आठवतंय.

तशीच अर्धी सुट्टी टाकून जिल्हा कोर्टात गेले. तिथं फुकट वकील मिळवून देणारं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, एका शिपायानं दाखवलं. तिथल्या मॅडमनी मोबाईलवर ई-कोर्ट्सचं ॲप उघडलं, चिठ्ठीवरचा नंबर टाकला, तर तो निघाला कुणाच्यातरी जमिनीच्या वादाचा. मग भावाचं नाव टाकून शोधलं, सेशन्समध्ये त्याच्या नावानं एक सुद्धा अर्ज नव्हता. एकदा पण दाखल केलेला नव्हता! दाखल झालेल्या प्रत्येक केसला 16 अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर पडतो, तो टाकला की तारीख, ऑर्डर सगळं फुकटात घरबसल्या दिसतं, आणि मी पाच आठवडे त्या माणसाच्या तोंडाकडं बघत बसले होते.

फुकट वकील मिळतो हे ऐकून होते पण तो कसला असणार असं वाटायचं, हा माझा गैरसमज मोठा. औद्योगिक कामगार, बाई, एससी-एसटी, कोठडीतला माणूस, ह्यांना उत्पन्नाची अट पण नाही, 1987 च्या कायद्यातच आहे. भाऊ लूमवर कामगार म्हणून बसला त्याच्यात. जे वकील मिळाले ते वयानं माझ्यापेक्षा लहान असतील, पण पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "ताई, एफआयआरची कॉपी कुठंय?" मी गप्प. त्यांनी ती महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाईटवरनं तिथंच काढली, मग नोटिशीचं विचारलं, आणि मी ड्रॉवरचं सांगितल्यावर ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. नंतर आधी रीतसर अर्ज घातला, भावाला विजापूरहून बोलावलं, स्वतः सोबत घेऊन पोलीस स्टेशनला गेले, उशीर का झाला ते लेखी दिलं, जबाब झाला. तपास अधिकाऱ्यांनी रागावून घेतलं, पण भाऊ संध्याकाळी घरी होता. त्या दिवशी आमचा खर्च झाला तो रिक्षाचा.

पहिल्या वकिलाकडं कागद परत मागायला गेले तर म्हणतो उरलेली फी द्या मग देतो. नवीन वकिलांनी सांगितलं की फी राहिली म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, सुप्रीम कोर्टाचा 2000 सालचा निकाल आहे. तसं लेखी पत्र पाठवल्यावर नोटीस आणि त्या कोऱ्या सह्या परत आल्या, ते दोन्ही कोरे कागद मी मोजून घेतले आणि फाडले. दलालानं 10 हजार आणून दिले आणि वरनं म्हणतो विषय संपवा ताई.

संपवला नाही. वकिलाविरुद्ध बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडं तक्रार केलीय, अ‍ॅडव्होकेट्स ॲक्टच्या कलम 35 खाली, आणि फसवणुकीचा अर्ज पोलिसांत वेगळा दिलाय. पुरावा म्हणून माझ्याकडं ठोस काय आहे, तर ते 40 हजाराचं यूपीआय, ती चिठ्ठी, आणि सिद्धेश्वर एक्सप्रेसचा मेसेज. बाकीचे 40 रोखीत गेले, त्याला काही बोलता येत नाही. म्हणून हात जोडून सांगते, कुणाला वकील लावायची वेळ आलीच तर फी वकिलाच्याच खात्यावर टाका, पोलिसांनी दिलेल्या प्रत्येक कागदाचा आधी मोबाईलमध्ये फोटो काढा, कोऱ्या कागदावर सही करू नका, आणि पोलीस स्टेशनच्या दारात जो पाणी घेऊन येतो त्याच्या मागं जाऊ नका. काही सुचलं नाही तर 15100 ला फोन लावा, विधी सेवेचा नंबर आहे.

कोर्टात जे चांगलं काम करणारे वकील आहेत त्यांची पण ह्या असल्या माणसांमुळं बदनामी होते, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. भावाच्या केसमध्ये चार्जशीट आलंय, तारखा चालू आहेत, तो प्रत्येक तारखेला लूमवरची पाळी बदलून वेळेवर जातो. पाटल्या अजून गहाणच आहेत. आई विचारते, मी पुढच्या महिन्यात सोडवू म्हणते.