पोस्टग्रेसचे रिग्रेशन टेस्ट आणि पॅलॉक: सी एक्स्टेन्शन सांभाळणाऱ्यांसाठी परीक्षण

पोस्टग्रेस या डेटाबेससाठी सीमध्ये एक्स्टेन्शन (सर्व्हरला जोडायचं मॉड्यूल) लिहिणाऱ्यांच्या, किंवा सर्व्हरवर स्वतःचे पॅच वागवणाऱ्या टीमच्या, हाताशी दोन गोष्टी आयत्या असतात. एक म्हणजे पीजी-रिग्रेस ही टेस्ट चालवणारी यंत्रणा, दुसरी पॅलॉक या मेमरी मागणाऱ्या फंक्शनमागची मेमरी कॉन्टेक्स्टची, म्हणजे एकदम मोकळ्या करता येणाऱ्या मेमरीच्या गटांची, रचना. दोन्ही फुकट, दोन्ही वर्षानुवर्षं वापरून मुरलेल्या. आवृत्ती १७ समोर ठेवून निकाल आधीच सांगतो: दोन्ही उत्तम आहेत, पण जोडीने वापरल्या तरच. ही जोडी जुळते ती कॉन्फिगर करताना --एनेबल-कॅसर्ट (सर्व्हरच्या अंतर्गत तपासण्या चालू करणारा पर्याय) दिल्यावर. डिस्ट्रोच्या पॅकेजमधून बसवलेल्या पोस्टग्रेसवर सगळ्या टेस्ट पास झाल्या तरी मेमरीबद्दल जवळपास काहीच कळत नाही.

का ते एका छोट्या फंक्शनवर पाहू. ते शहराचं नाव घेतं, थोडं साफ करतं आणि टेक्स्ट म्हणून परत देतं. टेक्स्ट परत द्यायचं तर मजकुराच्या बाइट्सवर आणखी ४ बाइट हेडरसाठी मागावे लागतात. समजा ते मागायचे राहिले. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं, मात्रा आणि अनुस्वारसुद्धा. 'पुणे' म्हणजे प, उकार, ण आणि मात्रा, एकूण १२ बाइट. पॅलॉककडे १२ मागितले, लिहिले १६. नेहमीचा अलोकेटर (मेमरीचे तुकडे वाटणारा भाग) अलॉकसेट लहान मागणी २ च्या घातापर्यंत वर नेतो (८, १६, ३२, असं ८ केबीपर्यंत), त्यामुळे तुकडा मिळाला १६ चा. चूक बरोबर त्यात मावली. टेस्ट पास.

आता 'मुंबई' द्या. पाच चिन्हं, १५ बाइट. तुकडा पुन्हा १६ चा, पण लिहिले जातात १९. शेवटचे ३ बाइट शेजारच्या तुकड्याच्या हेडरवर पडतात. आवृत्ती १६ पासून (२०२३) हे हेडर ८ बाइटचं आहे आणि त्याचे सर्वांत खालचे बिट हा तुकडा कोणत्या अलोकेटरचा ते सांगतात. देवनागरी चिन्हाचा पहिला बाइट हेक्समध्ये ई०, म्हणजे खालचे चारही बिट शून्य, आणि शून्य ही खूण 'न वापरलेली मेमरी' म्हणून राखून ठेवलेली आहे. त्यामुळे इंटेलसारख्या लिटल-एंडियन (सर्वांत खालचा बाइट आधी ठेवणाऱ्या) मशीनवर शेजारचा तुकडा कुणी पीफ्री, म्हणजे मोकळा, करायला गेलं की 'पीफ्री कॉल्ड विथ इनव्हॅलिड पॉइंटर' अशी एरर येते, तीही भलत्याच फंक्शनच्या नावावर. शेजारचा तुकडा सुटा मोकळा केला नाही आणि सगळा कॉन्टेक्स्ट एकदम रिसेट झाला, तर काहीच दिसत नाही. असे बग महिनोन्महिने सापडत नाहीत ते याचमुळे.

कॅसर्ट बिल्डमध्ये हेच फंक्शन 'पुणे'लाच पकडलं जातं. तिथे प्रत्येक तुकड्यासोबत मागितलेला आकार नोंदलेला असतो आणि मागितलेल्या बाइट्सनंतर लगेच ७ई हा पहारेकरी बाइट बसवलेला असतो. तो बदललेला दिसला की कॉन्टेक्स्ट रिसेट होताना किंवा पीफ्रीच्या वेळी 'डिटेक्टेड राइट पास्ट चंक एंड' अशी वॉर्निंग येते. या रचनेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट इथेच आहे. पीजी-रिग्रेसला मेमरीतलं काही कळत नाही, ते फक्त पीएसक्यूएलचं आउटपुट एक्स्पेक्टेड फाइलशी ताडून पाहतं. पण वॉर्निंगही त्याच आउटपुटमध्ये उतरते, म्हणून टेस्ट नापास होते. वेगळं काही जोडावं लागत नाही.

मोकळ्या केलेल्या मेमरीवर कॅसर्ट बिल्ड ७एफ फासतं. जीडीबी या डीबगरमध्ये एखादा पॉइंटर ७एफ७एफ७एफ असा दिसला, तर तो तुकडा आधीच मोकळा झालाय हे ओळखावं. पीजी-कॅचमध्ये (एरर पकडणाऱ्या भागात) कॉपी-एरर-डेटा हे एररची प्रत काढणारं फंक्शन बोलावण्याआधी आपल्या कॉन्टेक्स्टमध्ये परतायचं विसरणं, ही दुसरी नेहमीची चूकही याच बिल्डमध्ये असर्टवर थांबते. एरव्ही ती प्रत एरर कॉन्टेक्स्टमध्ये बनते आणि फ्लश झाली की पायाखालून निघून जाते.

बांधणी सोपी आहे. कॉन्फिगरला --एनेबल-कॅसर्ट, --एनेबल-डीबग आणि --एनेबल-टॅप-टेस्ट्स द्या (शेवटच्यासाठी पर्लचं आयपीसी-रन मॉड्यूल लागतं), मग मेक, मेक चेक. एक्स्टेन्शनच्या मेकफाइलमध्ये रिग्रेस, आयसोलेशन आणि टॅप-टेस्ट्स या ओळी भरा. पीजीएक्सएसवर (एक्स्टेन्शन सर्व्हरच्या सोर्सबाहेर बांधण्याच्या यंत्रणेवर) मेक चेक चालत नाही, आधी मेक इन्स्टॉल आणि मग चालू सर्व्हरवर मेक इन्स्टॉलचेक करावं लागतं. या बिल्डवर वेग मोजू नका, तो मुद्दाम हळू असतो.

टेस्ट नापास झाली की रिग्रेशन-डिफ्स ही फाइल उघडा. रिझल्ट्समधली फाइल उचलून न वाचता एक्स्पेक्टेडमध्ये टाकणं हा या यंत्रणेचा सर्वांत मोठा धोका आहे. तसं केलं की बग हाच 'अपेक्षित' निकाल होऊन बसतो आणि पुढे त्याची राखण टेस्टच करते. डिफची प्रत्येक ओळ का बदलली ते सांगता आलं पाहिजे.

कधी पास, कधी नापास असा खेळ चालला असेल तर कारण बहुधा ठरलेलं असतं. ऑर्डर बाय नसणं हे पहिलं. ऑर्डर बाय असूनही मशीनच्या लोकॅलप्रमाणे (भाषेच्या सेटिंगप्रमाणे) क्रम बदलणं हे दुसरं, म्हणून टेस्टमध्ये कोलेट 'सी' लिहावं. मात्र 'सी'चा क्रम निव्वळ कोडपॉइंटचा असतो. त्यात 'क्ष' हा 'क'च्या पोटात आणि 'ळ' हा 'ल' आणि 'व'च्या मध्ये येतो, वर्णमालेच्या शेवटी नाही. मराठी यादीचा खरा क्रम तपासायचा असेल तर ती टेस्ट वेगळी ठेवा. क्वेरीचा प्लॅन दाखवणारं एक्सप्लेन नेहमी कॉस्ट्स ऑफ देऊन लिहा. आवृत्ती १८ मध्ये एक्सप्लेन अॅनालाइज बफर्स आपोआप दाखवू लागलं आहे, त्यामुळे जुन्या टेस्टना बफर्स ऑफ जोडावं लागतं. मध्येच ऑटोव्हॅक्यूम (टेबलांची आपोआप होणारी साफसफाई) येऊन प्लॅन बदलत असेल, तर त्या टेबलावर ते बंद करा. एकाच समांतर गटातल्या टेस्ट एकाच डेटाबेसमध्ये चालतात, म्हणून टेबलांची नावं आपटणार नाहीत हे पाहा आणि रोलचं नाव रिग्रेस-अंडरस्कोअरने सुरू करा. लॉकच्या भांडणांसाठी आयसोलेशन टेस्टर आहे. स्पेक फाइलमध्ये पर्म्युटेशन दिलं नाही तर तो पायऱ्यांचे सगळे क्रम चालवतो. पायऱ्या वाढल्या की हा पसारा आवरत नाही, हवे तेवढेच क्रम लिहून द्या.

गळतीच्या, म्हणजे मोकळी करायची राहिलेल्या मेमरीच्या, बाबतीत मात्र ही जोडी कमी पडते. गळती आउटपुटमध्ये दिसत नाही, मग टेस्ट नापास होणार कशी? साध्या एक्स्प्रेशनमधली गळती चालून जाते, कारण तो कॉन्टेक्स्ट दर ओळीला रिसेट होतो. पण एफएन-एमसीएक्सटी या फंक्शनसोबतच्या कॉन्टेक्स्टमध्ये ठेवलेली गोष्ट क्वेरी संपेपर्यंत राहते आणि टॉप मेमरी कॉन्टेक्स्टमधली सेशन संपेपर्यंत. मध्ये पूलर (कनेक्शन उघडी ठेवून पुन्हा वापरणारा प्रोग्राम) असेल तर सेशन कित्येक दिवस संपत नाही. बी-ट्रीच्या तुलना फंक्शनमध्ये तर डीटोस्ट केलेली (दाबून किंवा बाजूला साठवलेल्या मूल्याची उलगडलेली) प्रत स्वतः मोकळी करावीच लागते. उपाय हाताने करायचा: पीजी-बॅकएंड-मेमरी-कॉन्टेक्स्ट्स हा व्ह्यू (आवृत्ती १४ पासून) आधी वाचा, त्याच सेशनमध्ये फंक्शन जनरेट-सीरीजवर दहा लाख वेळा चालवा, पुन्हा वाचा. कोणत्या नावापुढचे टोटल बाइट्स वाढले ते लगेच दिसतं. हे आयतं मिळायला हवं होतं.

मेमरीतल्या चुका पकडणाऱ्या अॅड्रेस सॅनिटायझरवर इथे भिस्त ठेवू नये. पॅलॉक मॅलॉककडून मोठे ब्लॉक घेऊन त्यातून तुकडे पाडतो आणि आवृत्ती १७ पर्यंत ते तुकडे सॅनिटायझरला वेगळे ओळखता येत नाहीत. मुंबईचे ते ३ बाइट त्याच्या लेखी ब्लॉकच्या आतच पडतात. व्हॅलग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या दुसऱ्या साधनाला तुकडे कळतात, पण त्यासाठी सर्व्हर यूज-व्हॅलग्राइंड देऊन बांधावा लागतो. मग सोर्समधली व्हॅलग्राइंड-डॉट-सप ही फाइल द्या, लीक-चेक बंद ठेवा आणि ट्रेस-चिल्ड्रन चालू ठेवा, नाहीतर बॅकएंड तपासले जात नाहीत. वेळ भरपूर लागतो. रोज कॅसर्टवर इन्स्टॉलचेक आणि रिलीजच्या आदल्या रात्री व्हॅलग्राइंड, एवढा नेम लहान टीमलाही झेपतो.