छोट्या गावाची आकडेवारी: जनगणना की नमुना सर्वेक्षण?

अमेरिकेतल्या छोट्या ग्रामीण वस्तीची लोकसंख्या, उत्पन्न आणि वांशिक रचना जाणून घेण्यासाठी दोन सरकारी स्रोत उपलब्ध आहेत: दर दहा वर्षांनी होणारी जनगणना आणि २००५ पासून देशभर सातत्याने चालणारे ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’ हे नमुना सर्वेक्षण.

लोकसंख्या आणि वंश यांसाठी मी जनगणनेलाच प्राधान्य देईन, कारण तिथे प्रत्येक घराची नोंद अपेक्षित असते आणि २००० पासून एकाहून अधिक वंश नोंदवण्याची मुभाही आहे. तरीही अगदी लहान वस्तीत तिचा आकडा शब्दशः घेऊ नये. नेब्रास्का राज्यातल्या मोनोवाय या गावात २०१० मध्ये एकच रहिवासी महिला नोंदली गेली. २०२० च्या जनगणनेत तिथे दोन माणसे दिसली, प्रत्यक्षात मात्र ती महिला एकटीच राहत होती. व्यक्तींची ओळख उघड होऊ नये म्हणून छोट्या प्रदेशांच्या आकड्यांत मुद्दाम किंचित फेरफार केला जातो, त्याचा हा परिणाम.

उत्पन्नाचा प्रश्न जनगणनेत आता नाही (भारताच्या जनगणनेतही तो नसतो), त्यामुळे तिथे सर्वेक्षणाला पर्याय उरत नाही. मात्र ६५,००० पेक्षा कमी वस्तीच्या गावांसाठी पाच वर्षांचे नमुने एकत्र करून अंदाज काढतात, आणि शे-दोनशे लोकांच्या गावात मोजकीच कुटुंबे नमुन्यात येत असल्याने मध्यक उत्पन्नाचा (ज्याच्या वर निम्मी आणि खाली निम्मी कुटुंबे येतात त्या उत्पन्नाचा) आकडा शेजारी छापलेल्या त्रुटिमर्यादेसकटच, म्हणजे तो किती वर-खाली असू शकतो हे पाहूनच, वाचला पाहिजे.