जुने मँटल की क्रमांकित ट्राउट?

बेसबॉल कार्डांच्या संग्रहात दुर्मिळता दोन वाटांनी येते. कार्डे छापणाऱ्या टॉप्स कंपनीचे, बेसबॉलपटू मिकी मँटलचे 1952 मधील 311 क्रमांकाचे कार्ड दुर्मिळ व्हावे असे कोणाच्याही मनात नव्हते. ते कार्ड असलेली मालिका हंगाम सरता सरता बाजारात आली, माल पडून राहिला आणि 1960 मध्ये कंपनीने उरलेली खोकी चक्क अटलांटिकमध्ये बुडवली. या कार्डाच्या एका अत्यंत सुस्थितीतील प्रतीला 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलर मिळाले.

नंतरच्या पिढीतील खेळाडू माइक ट्राउटच्या 2009 मधील ‘बोमन क्रोम’ मालिकेतल्या स्वाक्षरी-कार्डाची दुर्मिळता मात्र छापतानाच ठरवलेली होती: क्रमांक घातलेल्या प्रती नारिंगी कडेच्या 25, लाल कडेच्या 5 आणि ‘सुपरफ्रॅक्टर’ नावाच्या प्रकाराची केवळ 1. ते एकमेव कार्ड 2020 मध्ये सुमारे 39 लाख डॉलरला विकले गेले.

मँटलच्या बाबतीत सगळा खेळ अवस्थेचा आहे, कारण मुलांनी हाताळलेल्या या कार्डांचे कोपरे क्वचितच शाबूत राहिले आणि छपाई मध्यावर नसेल तरी भाव कोसळतो. नवी कार्डे पाकिटातून थेट प्लास्टिकच्या आवरणात जातात. त्यामुळे तिथे अवस्थेपेक्षा किती प्रती छापल्या त्या आकड्याला मोल येते. शिवाय मँटलची कारकीर्द 1968 मध्येच संपली, तिच्यात आता उणे-अधिक होणार नाही. उलट उदयोन्मुख खेळाडूच्या कार्डाचा भाव त्याच्या गुडघ्याच्या एका दुखापतीवरही लटकलेला असतो. म्हणून, ऐपत असल्यास, कोपरे झिजलेले मँटलच मला अधिक भरवशाचे वाटते.