आमच्या तालुक्यातलं जुनं वाचनालय: डोकं भंजाळलेल्या पोरांनी एकदा जाऊन बसाच

वाचनालयाचा कोण रिव्ह्यू लिहितं म्हणाल, पण होमस्टेचे, मासे थाळीचे आणि कुठल्या बीचवर पार्किंग मिळतं याचे रिव्ह्यू ढिगाने पडलेत आणि या जागेबद्दल एक ओळ सापडत नाही म्हणून लिहितोय. नाव टाकत नाही, खाली तक्रारी आहेत आणि समितीतली अर्धी माणसं रोज दुकानावर भेटतात. राजापूरच्या बाजूचे असाल तर कळेलच कुठलं ते.

मी तिकडे परत जायला लागलो भाच्यामुळे. बीई मेकॅनिकल, पुण्यात एका कंपनीत ट्रेनी होता, काँट्रॅक्ट संपलं तसा बॅग घेऊन घरी. आई म्हणते एमपीएससी दे, बाप म्हणतो चिरेखाणीवर ये, आणि हा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ‘स्वतःला ओळखा’ टाइप व्हिडिओ बघणार नि सकाळी अकराला उठून म्हणणार मामा कशातच राम नाही. आता मी काय सांगणार, माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. म्हटलं राम नंतर बघू, चारला वाचनालय उघडतं तिथे जाऊन बस, तिथे मोबाईलला रेंज येत नाही. (रेंज नसणे हा या जागेचा पहिला प्लस पॉइंट, सिरियसली.)

अनामत 500 रुपये, महिन्याची वर्गणी 40, एका वेळी दोन पुस्तकं. पेपर वाचायला पैसे लागत नाहीत, बाहेरच्या खोलीत कुणीही या. कादंबऱ्या, चरित्रं भरपूर. मराठी विश्वकोशाचे खंड काचेच्या कपाटात, 1976 साली पहिला खंड आला तेव्हापासूनचे, आणि अजून नवे वाटतात कारण कुणी काढतच नाही. विश्वकोश नेटवर फुकट आहे हे मलाही माहितीये, पण मोबाईलवर एक नोंद उघडली की वरून तीन नोटिफिकेशन येतात आणि आपण रील बघत बसतो, इथे जाड खंड मांडीवर घेतला की उठवत नाही.

भाचा आधी नुसता क्रिकेटचं पान वाचून यायचा. मग एक दिवस काउंटरवरच्या काकींनी विचारलं, बाबा काय करतात रे तुझे? चिरेखाण. मग मला सांग, चिरा खाणीत कापताना मऊ लागतो आणि बाहेर उन्हात राहिला की घट्ट होतो, तो का? चार वर्षं इंजिनियरिंग केलेला पोरगा, जन्म चिऱ्यांच्या ढिगाऱ्यावर खेळण्यात गेला, आणि गप्प. काकींनी उत्तर दिलं नाही, कपाटाची चावी दिली.

तिथून जे सुरू झालं ते मला आवडलं. चिरा म्हणजे जांभा दगडच, आणि जांभा म्हणजे उष्ण, भरपूर पावसाच्या हवेत मूळ खडक कुजत जाऊन, त्यातली सिलिका पाण्याबरोबर निघून गेली आणि लोखंड नि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली तो. आपल्याकडे खालचा मूळ खडक बहुतेक काळा बेसॉल्ट. ओला असताना कापता येतो, हवेत सुकत गेला की लोखंडाची संयुगं आवळून बसतात. 1807 साली फ्रान्सिस ब्युकॅनन या स्कॉटिश डॉक्टरने केरळातल्या अंगडीपुरमला हा दगड बघून त्याचं वर्णन छापलं, म्हणजे आमच्या वाडीतल्या गडग्याचा (कुंपणाच्या भिंतीचा) दगड दोनशे वर्षं जगभर अभ्यासला जातोय. हे सगळं भाच्याने मला दुकानात येऊन सांगितलं, मी आर्मेचरला वायर गुंडाळत होतो आणि हा हातवारे करून सांगतोय, बऱ्याच महिन्यांनी त्याला इतकं बोलताना बघितलं.

मग कातळशिल्पं आली, म्हणजे कातळावर कोरलेली जुनी चित्रं. बारसू, देवीहसोळ, रुंढे तळी, कशेळीचा तो भला मोठा हत्ती, सगळं आमच्याच तालुक्यात, याच जांभ्याच्या सड्यावर (उघड्या कातळाच्या माळावर), आणि 2022 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत. ही शिल्पं सड्यांवर हिंडून, गुराख्यांना विचारून शोधण्यात रत्नागिरीतल्या हौशी मंडळींचा मोठा वाटा आहे, हे ऐकल्यावर भाचा बाईक काढून देवाचे गोठणेला गेला, तिथे शिल्पावर होकायंत्र ठेवलं की काटा भलतीकडे वळतो ते स्वतः बघून आला.

सध्या त्याच्या डोक्यात वेगळंच आहे, आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडून एप्रिल-मेत विहिरी का आटतात. जांभा सच्छिद्र, पाणी मुरतं आणि उताराला झऱ्याने निघून जातं, हे पुस्तकात मिळालं. पण आपल्या वाडीतल्या कुठल्या विहिरीचं पाणी कधी उतरतं हे कुठल्या पुस्तकात असणार, म्हणून दोरीला गाठी मारून, टोकाला नटबोल्ट बांधून (माझ्याच दुकानातले) विहिरी मोजत फिरतो नि वहीत लिहितो. बायका हसतात त्याला. सकाळी खाणीवर जातो, आयुष्याचं ध्येय अजून सापडलेलं नाही, पण सातला उठतो. पुढचं भूगर्भशास्त्र एनपीटीईएलच्या (आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन) फुकट लेक्चर्सवर बघतो, इंग्रजी अडलं की थांबवून डिक्शनरी. तुमच्या घरी खाण नसेल तर होडी असेल, कलमं असतील, काजूची फॅक्टरी असेल, तिथला एक ‘का’ पकडून काकींकडे जा.

आता तक्रारी. एक, दमट. पावसाळ्यात पुस्तकं फुगतात, कसर लागते, डांबरगोळ्यांच्या वासाने डोकं दुखतं, साधं कपाटात बल्ब लावायचं कामही होत नाही. दोन, विज्ञानाचं कपाट माझ्या शाळेच्या वेळी होतं तिथेच थांबलंय. तीन, चांगले पंखे सगळे अभ्यासिकेत. लाईट गेली की इन्व्हर्टर नाही. दिवाळी अंकातली कोडी कापून नेणाऱ्याला काय म्हणावं ते इथे लिहिता येत नाही.

आणि चार, वर्धापनदिनाची भाषणं. दर वर्षी कुणीतरी पाहुणा उठून सांगणार की मुरूडचे धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत चालत गेले आणि आजची पिढी बघा. पोरं आधीच खचलेली, त्यांना हे ऐकवून काय मिळतं कळत नाही. तिथे पोचल्यावर वय लहान दिसतं म्हणून कर्व्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही, तसेच परत आले आणि मॅट्रिक पुढे 1881 ला झाले, हा भाग पाहुणे नेमका गाळतात. पोरांना तोच सांगायला हवा ना?

पाचपैकी साडेतीन स्टार, त्यातले दोन एकट्या काकींचे, त्यांचा पगार ऐकलात तर तुम्हीच लाजाल. वेळ सकाळी 9 ते 12, दुपारी 4 ते साडेसात, बोर्डावर आठ लिहिलंय त्यावर जाऊ नका. कुणाकडे मराठीतली बऱ्या अवस्थेतली विज्ञानाची पुस्तकं असतील तर आणून द्या, जुनी गाइडं नि लग्नात मिळालेली पुस्तकं नकोत, ती ठेवायला जागा नाही.